खुशीनं दिलेली नोकरी

माझा धाकटा भाऊ जात मानत नाही. मला हे माहीत आहे, कारण तोच सांगतो. सकाळी पेपर वाचताना एकदा, संध्याकाळी टीव्हीसमोर एकदा, आणि घरात पाहुणा असला तर चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर. आमच्या छोट्याशा मराठी मंडळाच्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्ममधून जातीचा रकाना यानंच काढला. त्याबद्दल मंडळानं सत्कार केला तेव्हा हा स्टेजवर असा लाजला, की बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती. कल्पना नव्हती म्हणे! शाल यानंच विकत आणली होती, आणि माझ्या भावजयीनं सकाळी तिचं लेबल काढलं होतं.

रकाना काहून निघाला ते मला विचारा. जबलपुरात मराठी माणसंच उरली नाहीत. फॅक्टऱ्यांमध्ये, रेल्वेत, केंद्राच्या ऑफिसांत नोकरीला आलेली जुनी घरं आहेत, पण पोरं पुण्याला आणि बेंगलोरला गेली. जी राहिली त्यांना मराठी समजते, बोलता येत नाही. जातीजातीचे गठ्ठे पाडले असते तर एकेका गठ्ठ्यात दोन मुली आणि एक घटस्फोटित निघाला असता. तेव्हा मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून समाजसुधारणा केली. मी तिथे होते, भजी खात होते.

माझ्या भावाचा दुसरा विश्वास म्हणजे मेरिट. जन्मावर कोणाला काही मिळू नये, ज्याच्यात दम असेल त्यानं पुढे यावं, सरकारनं सवलती बंद कराव्यात, मग बघा देश कुठे जातो. हे तो इतक्या तळमळीनं बोलतो की डोळ्यात पाणी येतं. त्याच्या, माझ्या नाही.

आता त्याची स्वतःची नोकरी कशी लागली ते सांगते. आमचे वडील फॅक्टरीत नोकरीवर असतानाच गेले. अशा वेळी घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळते, एकालाच, आणि बाकीच्या वारसांनी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं असतं की आमची हरकत नाही. मी बावीस वर्षांची होते, बी.एस्सी. फर्स्ट क्लास. हा वीसचा, बारावीला केमिस्ट्रीत सप्लिमेंटरी. तेराव्याला जमलेल्या सगळ्या काका-मामांनी जिलबी खाता खाता ठरवलं, की मुलगी उद्या लग्न होऊन जाईल आणि नोकरी दुसऱ्याच्या घरात जाईल. तीन दिवस मी रडले. चौथ्या दिवशी सिविल लाइन्सला कोर्टासमोर टायपिस्टच्या टेबलाशी उभी राहिले आणि सही केली. कागदावर छापलेलं होतं, मी हे स्वेच्छेने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे. तेव्हा आईनं माझं डावं मनगट घट्ट धरलेलं होतं.

भावाला टायपिंगची परीक्षा होती. तो तिच्यात तीनदा आपटला, मग वरून कुठून तरी सूट मिळाली. गेल्या वर्षी तो ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झाला, पेन्शन आहे, जबलपुरातल्याच गोरखपूर वस्तीत दुमजली घर आहे. आणि उद्या लग्न होऊन जाणारी मी कुठेच गेले नाही. अधारतालला दोन खोल्यांत आईला शेवटपर्यंत सांभाळलं आणि एका खाजगी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. समानतेचा हक्क हा धडा मी एवढ्या वेळा शिकवला आहे की तो झोपेतही म्हणून दाखवीन.

तर या माणसाला आपल्या नोकरीची आणि आपल्या मेरिटची कधी टक्कर झालेली दिसली नाही. मला आधी वाटायचं, हा ढोंगी आहे. ढोंगी असता तर बरं झालं असतं. ढोंग्याला निदान माहीत असतं की आपण काय झाकून राहिलो आहे. याला खरंच काही झाकावं लागत नाही. याच्या डोक्यात दोन भाडेकरू वर्षानुवर्षं एकाच जिन्यानं चढतात-उतरतात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत. वेळा जुळूच देत नाही हा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपल्याकडे उगीच नाही.

त्याची मुलगी म्हणजे माझी भाची, अठ्ठावीस वर्षांची, बँकेत आहे. तिच्यासाठी मेळाव्यातला फॉर्म त्यानंच निवडला. सरकारी खात्यात इंजिनिअर असलेला मुलगा, आडनाव गावावरून पडलेलं, वडील रेल्वेतून रिटायर, मूळ नागपूरकडचे. पहिल्या भेटीनंतर भावानं मला फोन केला आणि अर्धा तास मुलाच्या मराठीचंच कौतुक. “ताई, काय भाषा आहे! ‘मी निघतो’ म्हणाला, ‘मैं निकलता हूँ’ नाही म्हणाला. आपल्या पोरीला म्हटलं, शीक जरा.” पुढचे दोन महिने हा मंडळात सांगत फिरला, की बघा, मी म्हणत होतो ना, भाषा टिकवायची असेल तर मराठी घरांनी मराठी घरांतच सोयरीक करावी. भाची आणि तो मुलगा तोवर रोज बोलू लागले होते. मला तिचा चेहरा पाहूनच कळलं. एवढी चिडखोर पोरगी, पण गॅसवर दूध उतू गेलं तरी हसून राहिली होती.

दुसऱ्या बैठकीत मुलाचे वडील सहज म्हणाले, “एक सांगून ठेवतो. याची कॉलेजची सीट राखीव होती, नोकरीही त्याच कोट्यातली. आम्ही लपवत नाही, मग नंतर गैरसमज नको.” माझा भाऊ तेव्हा चहा पीत होता. तो त्यानं संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, छान, छान, कळवतो.

घरी मुलीला त्यानं समोर बसवलं. “बेटा, जातीचा सवालच नाही. माझं तुला माहीत आहे. मी त्या लोकांकडे जेवतोसुद्धा.” जेवतोसुद्धा! केवढे उपकार! “पण मेरिटचा विचार करावा लागेल ना. उद्या तुझी मुलं होतील, त्यांच्यावर काय संस्कार होतील? की बिना मेहनत सब मिल जाता है?” जातीवरून नाही म्हटलं असतं तर निदान सरळ भांडता आलं असतं. यानं तेच म्हटलं, फक्त धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. आणि मुलाकडच्यांना रविवारी परत बोलावलं, कारण मी तोंडावर बोलणारा माणूस आहे, पाठीमागे नाही, असं याचं म्हणणं.

शनिवारी भाची स्कूटर घेऊन माझ्याकडे अधारतालला आली. हेल्मेट न काढताच रडली. म्हणाली, “आत्या, त्याचे बाबा म्हणाले, मुलीचे वडील मनापासून हो म्हणत असतील तरच. नाहीतर आमच्या मुलाला आम्ही त्या उंबऱ्यावर उभं करणार नाही. मी भागून लग्न करीन म्हटलं, तर तोच नाही म्हणतो. म्हणतो, माझ्या बाबांनी आयुष्यभर मान खाली घालून नोकरी केली, आता मी घालायला लावणार नाही.”

तेव्हा मी तिला पहिल्यांदा खरं सांगितलं. तोवर तिला एवढंच ठाऊक होतं, की आजोबांच्या जागी बाबा लागले. आत्याला शिकवायची आवड होती म्हणून आत्यानं ती नोकरी खुशीनं सोडली, हेही ठाऊक होतं. ते तिला मीच सांगितलं होतं. तिला काय, सगळ्यांनाच. स्टाफरूममध्ये, लग्नाकार्यात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, चाळीस वर्षं. मीच खुशीनं दिली हो, मला फायली उपसण्यात रसच नव्हता. लोक म्हणायचे, केवढं मन! मलाही ते ऐकायला गोड लागायचं. त्या शनिवारी मी तिला तीन दिवसांचं रडणं सांगितलं, मनगट सांगितलं, टायपिंगच्या तीन परीक्षा सांगितल्या. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “हे उद्या सगळ्यांसमोर सांगशील? बाबा तुझं ऐकतात. त्यांना एकदा दिसलं ना, की त्यांना पण असंच मिळालंय, तर ते मेरिटचं बोलणारच नाहीत. सांगशील ना, आत्या?”

“सांगीन,” मी म्हटलं. “न सांगायला काय झालं? मी काय त्याला घाबरते?”

रविवारी गोरखपूरच्या त्या दुमजली घरात पोहे, शेव, खोव्याची जिलबी असा सगळा थाट होता. नाही म्हणायलासुद्धा याला जिलबी लागते. मुलगा आणि त्याचे वडील आले, नीट बसले. वडील शांत माणूस, पांढरा सदरा, बोलण्याआधी जरा थांबायची सवय. भाची माझ्यासमोर दिवाणावर बसली होती आणि तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती.

भावानं सुरुवात केली ती थेट देशापासून. मग समाज, मग रकाना. रकाना मीच काढला, हे दोनदा सांगून झालं. “माझ्या मनात भेदभाव असता तर काढला असता का? पण तत्त्वाचा प्रश्न आहे, साहेब. मेहनतीनं आलेला आणि सवलतीनं आलेला, यांत फरक राहणारच. मला तर वाटून राहिलं की पुढच्या मेळाव्यात फॉर्मात नवा रकाना टाकावा. जात नाही, फक्त प्रवेश कशातून झाला तेवढं. म्हणजे कोणाची फसवणूक नको.”

अरे वा रे शहाण्या! एक दार बंद केलं म्हणून शाल घेतली, आणि आता तेच दार मागच्या भिंतीला पाडायला निघाला. मुलाचे कान लाल झाले होते. त्यानं वडिलांकडे पाहिलं, पण वडील जिलबीची बशी बघत होते.

मग ते हळूच म्हणाले, “आपण कशातून लागलात, साहेब?”

“मी? स्वतःच्या हिमतीवर! विसाव्या वर्षी वडील गेले, घर खांद्यावर घेतलं.”

“अनुकंपेवर लागला,” मी म्हटलं. ठणठणीत आवाजात म्हटलं. वर्गात मागच्या बाकालाही ऐकू जायचा तो आवाज. “वडिलांच्या जागेवर. टायपिंग तीनदा नापास होऊन.”

भावजय स्वयंपाकघराच्या दारात थिजली. भाचीच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, चला, झालं, जिंकलो आपण. नागरिकशास्त्राच्या बाईंचा विश्वास हो, दुसरं काय! पुरावा समोर ठेवला की माणूस मत बदलतो, असं आम्ही पोरांना शिकवतो.

भावानं शेवेची चिमूट तोंडात टाकली. मग हसला, अगदी मोकळं. “हो, अनुकंपा! मी लपवलं कुठे? अहो, ती काय खैरात आहे? आमच्या वडिलांनी तीस वर्षं फॅक्टरीत घाम गाळला. तो आमचा वारसा. हक्क.”

“घाम आमच्या वडिलांनीही गाळला,” मुलाचे वडील म्हणाले. “त्यांच्या आधीच्यांनीही. फक्त त्याची सर्व्हिस बुक कोणी ठेवली नाही.”

“ते वेगळं.”

“वेगळं कसं?”

भावाला उत्तर सापडत नव्हतं, हे मी पाहिलं. पाच-सात सेकंद. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते दोघे भाडेकरू जिन्यावर समोरासमोर आले होते. आणि मग त्याला मी सापडले.

“आणि समजा मेरिटच म्हणता,” तो माझ्याकडे हात करून म्हणाला, “तर ही माझी मोठी बहीण बसली आहे. माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. हिनं स्वतः लिहून दिलं, की भावाला द्या. काहून दिलं असेल? याच्यात काही असेल तेव्हाच ना? ताई, तूच सांग. तुझ्यावर कोणी जोर केला होता का? खुशीनं दिलं की नाही?”

माणूस कसा आहे बघा. माझं रडणं त्यानं आपल्या मेरिटच्या सर्टिफिकेटला जोडून टाकलं. संतापानं मी चमचा पोह्यांत खुपसला. आता फक्त एक शब्द म्हणायचा होता, नाही. भाची पुढे सरकून बसली होती. मुलाचे वडीलही माझ्याकडे बघून राहिले होते, आदरानं, वाट पाहत. “दीदी, आपण सांगा,” ते म्हणाले.

तो शब्द माझ्या तोंडाशी आला होता, शपथेवर सांगते. पण त्याबरोबर जे आलं ते मला पेलवलं नाही. खुशीनं नाही दिलं, तर मग मी कोण? जिच्या हातून सगळ्यांनी मिळून घास काढून घेतला आणि जी चाळीस वर्षं तोंड पुसत बसली, ती बाई. त्या खोलीत, परक्या माणसांसमोर, पोह्यांच्या बशीसकट, मला ती बाई व्हायचं नव्हतं. मन मोठं असलेली बाईच मला बरी वाटली. शनिवारी भाचीसमोर रडणं वेगळं होतं. तिथे मी शूर होते, कारण तिथे कोणी विचारलं नव्हतं.

“खुशीनं दिलं,” मी म्हटलं. “मला शिकवायची आवड होती.”

“बघा!” भाऊ म्हणाला, आणि जिलबीची बशी पाहुण्यांपुढे सरकवली.

मुलाचे वडील उठले. रागावले नाहीत. मला नमस्कार करून म्हणाले, “चला, येतो. मोठं मन आहे तुमचं.” त्यात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. मुलगा भाचीकडे न बघता बाहेर पडला, बघितलं असतं तर पाय निघाला नसता. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, की आमच्याकडून नको.

त्या रविवारी भाचीनंच मला स्कूटरवर घरी सोडलं. अधारतालला फाटकापाशी गाडी बंद केली आणि म्हणाली, “बाबा स्वतःसाठी तसं बोलतात. तू काहून बोललीस?”

मला गप्प बसता आलं असतं. पण माझ्याकडे उत्तर तयार होतं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. अधारताल येईपर्यंत, तिच्या पाठीमागे बसल्या बसल्या, ते आपोआप तयार झालं होतं. मी म्हटलं, “अगं, तुझ्याच भल्यासाठी. बाबांचा असा चारचौघांत अपमान करून झालेलं लग्न तुला सुख देणार होतं का?” बोलताना माझं मलाच ते पटलं. भावाला मी एवढी नावं ठेवली, पण त्याला निदान पाच-सात सेकंद लागले होते.

तिनं मान हलवली. “अच्छा,” म्हणाली, आणि गेली.

मी घरात येऊन आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःला मोठ्यानं शिव्या घातल्या. म्हातारे, ढोंगी, भित्री. शिव्या घालून जरा बरं वाटलं, म्हणून त्याचाही राग आला. मग चहा केला.

संक्रांतीनंतर भावजयीनं हळदीकुंकू केलं. बोलावलं म्हणून गेले. मंडळातल्या बायका वाण घेऊन, तिळगूळ खाऊन गप्पा मारत बसल्या होत्या. भाची अत्तर लावत फिरत होती, नवी साडी नेसून, केस नीट बांधून. एका काकूंनी तिचा हात धरला आणि विचारलंच, “काय गं, त्या इंजिनिअरचं काय झालं? जमलं होतं म्हणे.”

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. भावजयीचा चेहरा उतरला. भाची मात्र हसली, काकूंच्या मनगटाला अत्तर लावलं आणि म्हणाली, “मीच नाही म्हटलं, काकू. मला आता करिअर करायचंय ना. खुशीनं सोडलं.”

“शहाणी गं माझी बाय,” काकू म्हणाल्या. “आत्यावर गेली आहे.”

भाची माझ्यापर्यंत आली, माझ्याही हाताला अत्तर लावलं आणि पुढे गेली. ती इतकी सहज बोलली होती की घटकाभर मलाही ते खरंच वाटलं.